अर्धी झाकलेली गाडी

एका उन्हाळ्यात आमच्या कॉलनीत एक मोठी गाडी अर्धी झाकलेली उभी होती. पुढचा भाग जाड करड्या कापडाखाली आणि मागचा भाग तसाच उन्हात. रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून विचारायची, "कापड कमी पडलं का?" गाडीचे मालक गेटपाशीच उभे असायचे. ते सांगायचे, "कापड पुष्कळ आहे." विचारणारा गाडीकडे पुन्हा एकदा पाहून निघून जायचा.

हे मालक म्हणजे आमचे शेजारी प्रल्हाद बिऱ्हाडे. धुळ्याला सरकारी दवाखान्यात एक्स-रे टेक्निशियन म्हणून सगळी नोकरी झाली आणि निवृत्त झाल्यावर जळगावला, नशिराबादच्या बाजूला आमच्या शेजारी घर बांधून राहिले. मी त्यांना भाऊ म्हणत असे. आडनाव बिऱ्हाडे आणि दारात फिरतं घर, यावरचे विनोद सगळ्या कॉलनीचे करून झाले होते. भाऊ प्रत्येक वेळी तो विनोद पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "हो, जुळतं खरं."

उंच, किरकोळ बांध्याचा माणूस. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. हसताना मी त्यांना फारसं पाहिलं नाही, पण चिडतानाही पाहिलं नाही. कुणी "कसे आहात भाऊ?" विचारलं तर "बरा आहे" असं सरळ उत्तर नसे. "बाहेरून तरी बरा दिसतोय," असं म्हणायचे.

नोकरीनं त्यांना दोन सवयी लावल्या होत्या. पहिली, कुठलीही गोष्ट दोनदा पाहायची. समोरून एकदा आणि बाजूनं एकदा. हाड समोरून अखंड दिसतं आणि बाजूनं पाहिलं की त्याचे दोन तुकडे असतात, हे त्यांनी इतक्या वेळा पाहिलं होतं की पुढे भरताचं वांगं घेतानाही ते तेच करत. वांगं हातात धरून समोरून पाहायचे, मग पाव फेरा फिरवून पाहायचे. बाजारातल्या बाया त्यांना ओळखायच्या. "हे घ्या, हे दोन्हीकडून पाहून ठेवलंय," असं म्हणून बाजूला काढलेली वांगी पुढे करायच्या. भाऊ ती पुन्हा पाहायचेच.

त्यांच्या मुलीला, रश्मीला पाहायला भुसावळचा मुलगा आला, तेव्हा मी पोहे द्यायला तिथेच होते. बोलणं झालं, चहा झाला, आणि भाऊ मुलाला म्हणाले, "जरा उभे राहता का?" मुलगा उभा राहिला. भाऊंनी त्याला नीट पाहिलं. मग म्हणाले, "आता डावीकडे तोंड करा." मुलाच्या आईनं भाऊंच्या बायकोकडे, शकुंतलावहिनींकडे पाहिलं, वहिनींनी छताकडे पाहिलं. मुलगा बिचारा वळून उभा राहिला. "ठीक आहे, बसा," भाऊ म्हणाले. लग्न झालं. पुढे मी एकदा विचारलं की भाऊ, तेव्हा तुम्ही काय पाहिलंत? ते म्हणाले, "मान ताठ आहे. म्हातारपणी पाठीचा त्रास होणार नाही."

दुसरी सवय म्हणजे निकाल न सांगणं. एक्स-रे काढून झाला की पेशंट विचारतो, काय निघालं? टेक्निशियननं ते सांगायचं नसतं. भाऊंनी नोकरीभर एकच उत्तर दिलं, "डॉक्टर सांगतील." ते तोंडात इतकं बसलं की घरीसुद्धा सुटेना. वहिनींनी विचारावं, भाजी कशी झालीय? भाऊंनी जेवता जेवता म्हणावं, "डॉक्टर सांगतील." वहिनी स्वतः धुळ्यालाच परिचारिका होत्या. त्या म्हणायच्या, "या माणसाला मी पसंत होते की नाही हे सांगणारा डॉक्टर मला अजून भेटलेला नाही."

गाडीची कल्पना वहिनींची. रात्रपाळ्या करून करून त्यांना एकच इच्छा उरली होती. निवृत्त झाल्यावर आपलं अंथरूण, आपला गॅस, आपली मोरी बरोबर घेऊन हिंडायचं. पहिलं ठिकाणही त्यांनी ठरवून टाकलं होतं, सांची. त्यांच्या आईनं तिथल्या स्तूपाचं चित्र घरात लावलेलं होतं आणि सांचीला जाणं न होता, ते चित्र पाहतच ती वारली. भाऊंनी धुळ्यातून लग्नाची वऱ्हाडं वाहणारी एक जुनी सतरा सीटची गाडी घेतली, सीटा काढल्या, आणि बॉडी बांधणाऱ्या कारागिराकडून आत पलंग, ओटा, छोटा संडास आणि वर सोलरचं पॅनेल बसवून घेतलं. रंग आकाशी दिला. वहिनी त्या गाडीला गाडी म्हणत नसत. "खोली झाडून येते," म्हणून सकाळी केरसुणी घेऊन निघायच्या.

पहिली फेरी अजिंठ्याला झाली, दुसरी मुक्ताईनगरला एका लग्नाला. लग्नात मांडवापेक्षा गर्दी गाडीत होती. बाया रांग लावून संडास पाहून गेल्या. तिथून परत आल्यावर भाऊंनी गाडी घराशेजारच्या रिकाम्या प्लॉटवर लावली आणि खिडकीच्या कडेच्या रबराला एक बारीक चीर पाहिली. कव्हरचा प्रश्न तिथून सुरू झाला.

आमच्याकडचं ऊन कसं असतं ते आमच्याकडच्यांना सांगायला नको. मार्चपासूनच गाड्यांचे रंग उडायला लागतात, प्लास्टिक हातात तुटून येतं. त्यामुळे समोरून पाहिलं तर उत्तर सोपं होतं, गाडीवर कापडी कव्हर घालावं. पण भाऊंनी बाजूनंही पाहिलं. कव्हर घातलं की सोलर बंद. सोलर बंद की आतला फ्रिज बंद. शिवाय मे महिन्यात वावटळी सुटतात. कापड फडफडतं, त्याखाली धूळ शिरते, आणि तीच धूळ घासून रंग जातो. पावसाळ्यात कापडाखाली ओल धरते. ताडपत्री घालावी तर ती श्वासच घेऊ देत नाही. विरळ कापड घालावं तर ऊन आत येतंच.

भाऊ नशिराबादकडच्या एका केळीवाल्या शेतकऱ्याकडे जाऊन आले. हल्ली केळीच्या घडाला पांढरी कापडी पिशवी घालतात, तिच्या आत ओल किती धरते हे त्यांना पाहायचं होतं. शेतकऱ्यानं पिशवी वर करून दाखवली, घड उत्तम होता. भाऊ म्हणाले, "पण हा काही महिन्यांत उतरवतात. गाडी उतरवायची नसते." शेतकऱ्यालाही ते पटलं.

मग कॉलनीत दोन तट पडले. अर्धे म्हणायचे झाका, अर्धे म्हणायचे झाकू नका. भाऊंनी दोघांचंही ऐकलं आणि ताडपत्र्या शिवणाऱ्या शकीलभाईंना बोलावून अर्ध्या गाडीचं कव्हर शिवायला सांगितलं.

शकीलभाई म्हणाले, "अर्धं म्हणजे?"

"दारापर्यंत. पुढचं झाकायचं, मागचं उघडं. एक उन्हाळा आणि एक पावसाळा पाहू."

"मी ट्रकची शिवली, बैलगाडीची शिवली, एकाचा हत्तीसुद्धा झाकला मिरवणुकीआधी. अर्धं कधी शिवलं नाही."

"मोजमाप सोपं आहे," भाऊ म्हणाले. "पूर्णाच्या निम्मं."

असा तो उन्हाळा. भाऊंनी पुढच्या भागात एक आणि मागच्या भागात एक असे दोन तापमापक टांगले. दुपारी डोक्यावर ओला टॉवेल टाकून जायचे आणि आकडे पाहून यायचे. मी कुंपणावरून विचारलं तर म्हणायचे, "पुढे कमी आहे. पण पुढे इंजिन आहे, मागे पलंग. तुलना बरोबर होत नाही." वहिनी ओट्यापाशी उभ्या राहून आमचं बोलणं ऐकायच्या. त्या कॉलनीत आमच्यासारखं बोलायच्या, पण भाऊंशी बोलताना मधूनच शिरपूरकडची त्यांची माहेरची बोली यायची. "गाडी बठ्ठी तयार शे," त्या म्हणायच्या. "जावानं कव्हय?" म्हणजे, गाडी सगळी तयार आहे, निघायचं कधी?

भाऊ म्हणायचे, "एवढं कापडाचं ठरू दे."

पावसाळ्याच्या तोंडाला वहिनींनी सांचीचा दिवस ठरवला आणि डबे भरायला घेतले. भाऊ कव्हर काढायला गेले आणि तसेच परत आले. बॉनेटवर कापडाखाली मांजर व्यायली होती. पिलांचे डोळे उघडेपर्यंत गाडी हलवता येणार नव्हती. ते डोळे उघडले तोवर पाऊस लागला. वहिनींनी डब्यांतल्या चकल्या कॉलनीत वाटून टाकल्या. आमच्या घरी देताना एवढंच म्हणाल्या, "खुसखुशीत आहेत तोवर खा."

पाऊस ओसरला आणि भाऊंनी सगळ्यांसमक्ष कव्हर काढलं. पुढचा भाग: रंग आकाशीच, पण त्यावर ब्रश फिरवल्यासारखे ओरखडे, आणि काचेच्या कडेला हिरवी बुरशी. मागचा भाग: ओरखडा एक नाही, पण रंग धुतलेल्या चादरीसारखा आणि रबराच्या चिरा बोटभर. भाऊंनी गाडीभोवती दोनदा चक्कर मारली. कॉलनीतले दोन्ही तट निकालाची वाट पाहत उभे होते. भाऊ म्हणाले, "दोन्हीकडून नुकसान सारखंच आहे," आणि खोकले.

तो खोकला मात्र गेला नाही. हवा बदलली म्हणाले, धूळ म्हणाले, कापडाची बुरशी म्हणाले. दिवाळी झाली तरी खोकला होताच. वहिनींनी ऐकलं नाही. छातीचा फोटो काढायचा ठरला तेव्हा भाऊंनी जळगावात काढायला नकार दिला. म्हणाले, आपल्या खात्यात काढू. माझी बहीण धुळ्याला असते, म्हणून मीही त्यांच्याबरोबर निघाले. गाडीची तिसरी फेरी ती अशी झाली. मी मागे पलंगावर बसले होते, वहिनी पुढे भाऊंच्या शेजारी. रस्ताभर भाऊ कुठे कोणतं झाड होतं आणि ते कधी तोडलं हे सांगत होते.

दवाखान्यात त्यांच्या हाताखाली शिकलेला टेक्निशियन आता मुख्य झाला होता. त्यानं सरांना खुर्ची दिली, आम्हाला बाहेर बाकावर बसवलं. दार अर्धं उघडं होतं. आता फिल्म धुवायची नसते, चित्र लगेच पडद्यावर येतं. भाऊ शर्टाची बटणं लावत पडद्यासमोर उभे राहिलेले मला दिसत होते.

तो मुलगा म्हणाला, "सर, बाजूचाही घेऊ ना?"

"नको," भाऊ म्हणाले.

ते बाहेर आले. वहिनींनी विचारलं, "काय निघालं?" मला वाटलं आता ते नेहमीचं उत्तर देतील. वहिनींनाही तसंच वाटलं असावं, कारण त्या पर्स उचलून डॉक्टरांच्या खोलीकडे वळल्याही होत्या.

भाऊ म्हणाले, "फुप्फुसवर डाग शे."

वहिनी पुन्हा बाकावर बसल्या. त्यांनी आयुष्यभर वॉर्डात काम केलं होतं, त्यांना आणखी काही सांगावं लागलं नाही. पर्स मांडीवर ठेवून म्हणाल्या, "आते?"

"आते चहा पिऊत," भाऊ म्हणाले.

आम्ही चहा प्यायलो. परत येताना जळगावात शिरल्यावर भाऊंनी गाडी शकीलभाईंच्या दुकानापाशी थांबवली. काच खाली करून म्हणाले, "शकीलभाई, आता पूर्ण शिवा. वरपासून खालपर्यंत, चारही बाजूंनी दोऱ्या बांधता येतील असं."

शकीलभाई म्हणाले, "अखेर ठरलं तर."

"ठरलं."

वहिनी समोरच्या काचेतून पाहत होत्या. गाडी प्लॉटवर लागली, इंजिन बंद झालं, आणि त्या जागेवरून न उठता म्हणाल्या, "पूर्ण कव्हर कशाला?"

"गाडी उभी राहील आता. पुष्कळ दिवस उभ्या राहणाऱ्या गाडीला कव्हर लागतं."

"का म्हणून उभी राहील?"

भाऊंनी किल्ली काढली आणि ती तळहातावर ठेवून पाहत राहिले. मी मागे बसले होते, उतरायचं दार त्यांच्या सीटांच्या पाठीशीच होतं, त्यामुळे मला निघूनही जाता येईना.

"मला चालवणं होणार नाही, शकुंतला," ते म्हणाले. त्यांनी वहिनींना नावानं हाक मारलेली मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकली.

वहिनींनी त्यांच्या तळहातावरची किल्ली उचलली. "मी शिकसू," त्या म्हणाल्या. "तुम्ही बाजूले बसा."

तेव्हा वहिनींनी साधी स्कूटरसुद्धा चालवलेली नव्हती. त्या बसनं ड्यूटीला जायच्या आणि बसनं यायच्या. कॉलनीतल्या दोन्ही तटांचं प्रथमच एकमत झालं, की हे होणार नाही.

कॉलनीच्या मागे मोकळी प्लॉटांची जागा आहे, तिथं सकाळी शिकवणी सुरू झाली. भाऊंचे उपचार चालू झाले होते. औषध चढवून आल्यावर काही दिवस ते अंथरुणाला खिळून असायचे. जरा बरं वाटलं की डोक्याला मफलर गुंडाळून डाव्या सीटवर येऊन बसायचे. शिकवण्याची त्यांची पद्धत खात्यातलीच होती. छातीचा फोटो काढताना पेशंटला सांगतात, श्वास घ्या, रोखा, सोडा. भाऊ क्लचसाठी तेच म्हणायचे, त्याच आवाजात. "दाबा. रोखा. सोडा." वहिनी दाबायच्या, रोखायच्या आणि सोडताना गाडी बेडकासारखी उडी मारायची. भाऊ डॅशबोर्डला धरून म्हणायचे, "हललात. पुन्हा घेऊ."

लोक विचारायचे, भाऊ, तुम्हाला हे कशामुळे झालं? एक्स-रेमुळे का? भाऊ म्हणायचे, "फोटोत किती आहे ते दिसतं. कशामुळे आहे ते दिसत नाही." आणि लगेच, "तुमच्या वहिनींचा रिव्हर्स पाहिला का तुम्ही? सुधारलाय."

लायसन्सच्या परीक्षेत वहिनी पहिल्यांदा नापास झाल्या. मागे घेताना गाडी खांबाला लागली. तो पोचा गाडीच्या मागच्या, फिकट झालेल्या बाजूला अजून आहे. भाऊंनी त्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "ही बाजू तशीही गेलेलीच होती." दुसऱ्यांदा पास झाल्या. आल्या आल्या भाऊंना लायसन्स दाखवलं. त्यांनी ते समोरून पाहिलं, मग उलटं करून पाहिलं, आणि म्हणाले, "तुमचा फोटो चांगला नाही आला."

पूर्ण कव्हर तोपर्यंत शिवून आलं होतं. सुंदर शिवलं होतं, पिवळ्या दोऱ्याची दुहेरी शिवण, कडेला पितळी कड्या. भाऊंनी ते अंगणात पसरून सगळी शिवण पाहिली. वहिनींनी दुसऱ्या दिवशी ते शकीलभाईंकडे परत नेलं आणि कापून आणलं. एका बाजूला छपराच्या पट्टीला अडकवायचं, दुसऱ्या बाजूला दोन बांबूंवर ताणायचं, की गाडीच्या दाराशी ऐसपैस मांडव तयार. उरलेल्या कापडातून दोन आरामखुर्च्यांची बसायची कापडं शिवून घेतली होती.

मी तेव्हा तिथे होते. भाऊ त्या सावलीत खुर्चीवर बसले, वर कापडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "गाडीला मात्र ऊन लागतंय."

वहिनी दुसऱ्या खुर्चीत बसल्या. "लागू द्या तिला," म्हणाल्या.

भाऊंनी खुर्चीच्या कापडाची शिवण चाचपून पाहिली. मग म्हणाले, "हेही बरोबर आहे." वर्षभर चाललेला प्रश्न असा सुटला.

थंडी संपता संपता, दोन उपचारांच्या मधल्या दिवसांत, ते दोघं सांचीला गेले. रश्मी रडली, जावई म्हणाला मी चालवायला येतो. वहिनींनी त्याला सांगितलं की गाडीत पलंग एकच आहे. जाताना भाऊंनी आमच्याकडे घराची किल्ली दिली आणि कढीपत्त्याला एक दिवसाआड पाणी घालायला सांगितलं. बऱ्हाणपूर, खंडवा करत, रोज थोडंथोडं अंतर कापत ते पोहोचले. वहिनींचा फोन यायचा. भाऊ वर स्तूपाच्या आवारापर्यंत चालू शकले, सगळी प्रदक्षिणा झाली नाही, तेव्हा अर्धी करून ते बाकावर बसले आणि उरलेली वहिनींनी केली. "आईचं चित्र समोरूनच काढलेलं होतं," वहिनी मला पुढे सांगत होत्या. "हे म्हणाले, बाजूनं जास्त चांगलं दिसतं."

त्यानंतरचा उन्हाळा भाऊंनी पाहिला नाही. शेवटचे काही दिवस दवाखान्यात गेले. त्यांना खात्री होती की तिथल्या खाटेपेक्षा गाडीतला पलंग बरा आहे, पण ते जमलं नाही. ते गेल्यावर घरी बुद्धवंदना झाली, त्या दिवशी कॉलनी भरून माणसं आली होती. धुळ्याचं सगळं खातं आलं होतं. तो मुख्य टेक्निशियन गाडीजवळ जाऊन बराच वेळ उभा राहिला.

वहिनी अजून गाडी चालवतात. त्यांच्या नर्स मैत्रिणींना घेऊन अजिंठ्याला जाऊन आल्या, एकदा धरणगावला कुणाच्या बारशाला. गाडीवर कव्हर नाही. पुढे ओरखडे, मागे उडालेला रंग आणि तो पोचा. रंग द्यायचं जावई म्हणतो. वहिनी म्हणतात, पाहू.

मला भाऊ आठवतात ते मात्र दवाखान्यातले नाहीत. ते सांचीहून परत येत होते त्या दुपारचे. मी नशिराबादच्या शाळेत शिकवते. शाळा सुटल्यावर मी हायवेवर फाट्याशी बसची वाट पाहत उभी होते. लांबून हॉर्नचा गलका ऐकू आला. पाहते तर रस्त्याच्या मधोमध आकाशी गाडी अगदी सावकाश येत होती आणि तिच्यामागे ट्रक, टँकर, केळीच्या गाड्या, एक वऱ्हाडाची बस अशी रांग लागलेली. स्टिअरिंगवर वहिनी होत्या. पाठ ताठ, हनुवटी वर, नजर समोर. त्यांचं हॉर्नकडे लक्ष नव्हतं. हळूहळू त्यांनी गाडी डावीकडे घेतली.

डाव्या खिडकीत भाऊ. मफलर गुंडाळलेला, चेहरा फार लहान झालेला. त्यांनी कोपरापर्यंत हात बाहेर काढला होता आणि मागच्यांना साइड देत होते. घाई नाही, चिडणं नाही. प्रत्येक गाडी वेगळी पाहून, तिच्यासाठी वेगळा हात हलवून. ट्रक गेला, टँकर गेला, बस गेली. मी हात वर केला. त्यांनी मला पाहिलं असावं, कारण मान किंचित हलली. पण हात त्यांनी माझ्यासाठी थांबवला नाही. रांगेत अजून पुष्कळ गाड्या होत्या, आणि ते एकेकाला पुढे जा म्हणत होते.